लहान विद्यापीठात रिसर्च होतो का?

प्रश्न: लेकीला बॉटनीत एमएस्सी करायचीय, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात. तिथले प्राध्यापक नुसतं शिकवतात की रिसर्चपण करतात?

उत्तर: करतात की ताई! १९६२ सालचं हे विद्यापीठ पुण्या-मुंबईपुढे छोटं वाटेल, पण सह्याद्री अगदी दारात आहे ना. तिथल्या प्रा. एस. आर. यादवांनी कंदीलपुष्पांवर, म्हणजे सेरोपेजियावर, वर्षानुवर्षं काम केलं. गंमतीचं फूल आहे हे, बारीक माशी आत शिरते, खाली वळलेल्या केसांमुळे अडकते आणि केस सुकले की पराग घेऊन सुटते, आता हे पुस्तकात वाचणं वेगळं आणि पावसात सडा, म्हणजे कातळाचं पठार, तुडवत बघणं वेगळं (चिखलाची तयारी ठेवा). फक्त अॅडमिशनआधी कोण कशावर काम करतंय, फील्डवर्क किती, ते विचारून घ्या.