‘इम्युनोमॉड्युलेटर’ म्हणजे ‘रोगप्रतिकारशक्तीवर्धक’ का?

एका वाचक भगिनींचा प्रश्न आला आहे. त्या ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या रुग्णांसाठीचं माहितीपत्रक मराठीत आणत आहेत. मूळ मजकुरात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे औषध ‘इम्युनोमॉड्युलेटर’, म्हणजे प्रतिकारयंत्रणेच्या कामात फेरफार करणारं, असल्याचं म्हटलं आहे. जुन्या मराठी पत्रकात त्या जागी ‘रोगप्रतिकारशक्तीवर्धक’ छापलेलं सापडलं. त्या विचारतात, “हा शब्द ठेवू का? नाहीतर दुसरा कोणता? आणि जाता जाता, रोगप्रतिकारशक्ती बरोबर की रोगप्रतिकारक शक्ती?”

ठेवू नका. शब्द नुसता सैल असता तर चालवून घेतलं असतं, पण इथे तो थेट उलटा अर्थ सांगतो. या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर उठलेली असते आणि औषध दिलं जातं ते तिला शांत करायला. पत्रकात ‘वर्धक’ वाचलं की रुग्ण दोनपैकी एक करणार. एक तर टॉनिक समजून आठवेल तेव्हा गोळी घेणार. किंवा ‘तुमची प्रतिकारशक्तीच तुमच्यावर उलटली आहे’ असं डॉक्टर म्हणाले होते ते आठवून, मग ती आणखी वाढवायची कशाला म्हणून गोळी बंद करणार. दुसरा रुग्ण जास्त हुशार, आणि नुकसान त्याचंच जास्त.

चूक भाषांतरकाराची म्हणावी तर पूर्ण तशीही नाही. मराठीत ‘इम्युनिटी’ला आपण ‘शक्ती’ जोडली, तिथेच हा सापळा लागला. शक्ती म्हटली की तिचं दोनच प्रकारे काही होऊ शकतं: ती वाढते किंवा कमी होते. वाढलेली बरी, कमी झालेली वाईट. स्मरणशक्ती, पचनशक्ती, इच्छाशक्ती, सगळ्यांचा हाच हिशेब. त्यामुळे ‘प्रतिकारशक्तीत बदल घडवणारं औषध’ असं कोणी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात ते आपोआप ‘वाढवणारं’ होऊन बसतं. २०२० साली तर काढ्यापासून बिस्किटापर्यंत सगळंच ‘इम्युनिटी बूस्टर’ झालं होतं. जुन्या पत्रकातला शब्द त्या हवेतला असेल तर नवल नाही.

शास्त्रज्ञांना ‘मॉड्युलेशन’ हा शब्द का लागला, हे कुष्ठरोगाच्या उदाहरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसेल. जंतू एकच, मायकोबॅक्टेरियम लेप्री. पण आजाराचं रूप ठरतं ते रुग्णाच्या प्रतिकारयंत्रणेवरून. पेशींचा प्रतिसाद जोरकस असेल तर अंगावर मोजके चट्टे उठतात आणि त्यांत जंतू शोधूनही फारसे सापडत नाहीत. प्रतिसाद जवळजवळ नसेलच, तर जंतू बेसुमार वाढतात, त्वचा जाड होते, गाठी येतात. म्हणजे प्रतिसाद जोरकस असलेला बरा, असं वाटेल. पण तसं सरळ नाही. कुष्ठरोगात हातापायांच्या नसा निकामी होतात त्यात मोठा वाटा या प्रतिसादाचाच असतो. उपचार चालू असताना मध्येच प्रतिसाद उसळतो, डॉक्टर त्याला ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणतात, आणि तेव्हा नस वाचवायला स्टिरॉइड देऊन तो दाबावा लागतो.

अशाच एका प्रकारच्या रिअ‍ॅक्शनमध्ये ताप येतो आणि अंगावर लाल, दुखऱ्या गाठी उठतात. १९६४ मध्ये जेरुसलेमला जेकब शेस्किन या डॉक्टरांकडे असा एक रुग्ण होता. वेदनांनी त्याला झोप नव्हती. शेस्किन यांनी त्याला झोपेसाठी थॅलिडोमाइड दिलं. हे तेच औषध, ज्याने युरोपात हजारो बाळं हातपाय खुरटलेली जन्मली आणि जे १९६१ मध्ये बाजारातून काढून घ्यावं लागलं. रुग्णाला झोप लागलीच, पण थोड्याच दिवसांत गाठीही ओसरल्या. का ओसरल्या याचा मोठा धागा १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांना सापडला. दाह पेटवणारा टीएनएफ नावाचा एक रेणू पेशी सोडतात, त्याचं प्रमाण हे औषध खाली आणतं. १९९८ मध्ये अमेरिकेत याच रिअ‍ॅक्शनसाठी त्याला मान्यता मिळाली, गर्भधारणेबाबतच्या अत्यंत कडक अटींसह.

आता त्याच कुष्ठरोगात दुसरं टोक बघा. दिल्लीच्या राष्ट्रीय प्रतिरक्षाविज्ञान संस्थेचे संस्थापक-संचालक डॉ. जी. पी. तलवार यांनी एक निरुपद्रवी मायकोबॅक्टेरियम हाती घेतला. तो मारून टोचला की ज्यांच्या पेशी लेप्रीच्या जंतूला ओळखतच नाहीत अशा रुग्णांमध्ये प्रतिसाद जागा होतो आणि नेहमीच्या औषधांसोबत दिल्यास जंतू लवकर नाहीसे होतात. सुरुवातीला ‘एमडब्ल्यू’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या जंतूचं पुढे रीतसर नामकरण झालं, ‘मायकोबॅक्टेरियम इंडिकस प्रानिआय’. शेवटच्या शब्दात तलवारांचं ‘प्राण’ हे नाव आणि संस्थेची इंग्रजी आद्याक्षरं असं दोन्ही गुंफलेलं आहे. नावं ठेवण्यात शास्त्रज्ञही काही कमी हौशी नसतात.

तर थॅलिडोमाइड शांत करतं, हा मेलेला जंतू जागं करतो, आजार एकच, आणि दोघांनाही म्हणतात इम्युनोमॉड्युलेटर. या शब्दाला दिशा नाही, आणि तीच त्याची सोय आहे. दिशा सांगायचीच असेल तर शास्त्रात वेगळे शब्द आहेत: उद्दीपन करणारा तो ‘स्टिम्युलंट’, दाबणारा तो ‘सप्रेसंट’. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाला रोज घ्याव्या लागतात त्या गोळ्या दुसऱ्या वर्गातल्या. तुमच्या पत्रकातलं हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तिथेही नीट बसत नाही. ते पेशींच्या आतल्या सूक्ष्म पिशव्यांमधली आम्लता कमी करतं, त्यामुळे ‘स्वतःचे’ घटक ‘परके’ समजून उठणारा गजर मंदावतो. पण संसर्गाशी लढण्याची एकूण क्षमता ते फारशी खाली ओढत नाही. म्हणून त्याला दमनकारक म्हणायला डॉक्टर नाखूश असतात आणि ‘मॉड्युलेटर’ हा मधला शब्द वापरतात. जुन्या पत्रकाने नेमकी हीच खुबी घालवली.

मग मराठीत काय? माझा कौल ‘नियामक’ला. ‘नियंत्रक’ म्हटलं की वरून हुकूम चालवणारा कोणीतरी वाटतो, आणि रेशनिंगचं कार्यालय डोळ्यांसमोर येतं ते वेगळंच. ‘परिवर्तक’ने काय बदलतं ते कळत नाही. ‘समायोजक’ अर्थाला चांगला आहे, पण तो उच्चारताना बोलणारा माणूस थांबून विचार करतो, आणि असे शब्द टिकत नाहीत. ‘नियामक’ पाठ्यपुस्तकांमुळे ओळखीचा आहे. शिवाय २०२५च्या वैद्यकाच्या नोबेलनंतर ‘नियामक टी पेशी’ मराठी बातम्यांतही आल्या. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये या पेशी दाखवून दिल्या. मेरी ब्रुंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये त्यांच्यामागचं ‘फॉक्स-पी-थ्री’ हे जनुक शोधलं, जे बिघडलेलं असलं तर लहान बाळांत शरीर स्वतःच्याच अनेक अवयवांवर तुटून पडतं. प्रतिसाद आवरणाऱ्या पेशी शरीरातच असतात, हे त्या संशोधनाचं सार. पेशींना ‘नियामक’ म्हणतोच आहोत, तर बाहेरून तेच काम करणाऱ्या औषधालाही म्हणू. एक अडचण मान्य करायला हवी: इंग्रजीत ‘रेग्युलेटरी’ आणि ‘मॉड्युलेटर’ वेगळे आहेत, मराठीत दोन्हींना एकच शब्द होईल. संशोधन-लेखात ते खटकेल. तिथे ‘नियामक पेशी’ आणि ‘नियमन करणारं औषध’ असा भेद वाक्यरचनेतून करता येतो.

पूर्वपद कोणतं घ्यायचं यावर मात्र जरा जास्त विचार हवा. ‘रोगप्रतिकार-नियामक’ केलंत तर ‘रोग’ अडथळा करतो. फुलांच्या परागांना शिंकणाऱ्या माणसाच्या शरीरात प्रतिकार चालू असतो, पण पराग हा काही रोग नव्हे. भावाने दिलेलं मूत्रपिंड शरीर नाकारतं, तेही रोग नव्हे. म्हणून शास्त्रीय लेखनात मी ‘प्रतिरक्षा’ हा शब्द घेतो: प्रतिरक्षा-नियामक, प्रतिरक्षाविज्ञान. तो हिंदीतून आला म्हणून काहींचं नाक मुरडतं. पण संस्कृत घडणीचा शब्द आहे, ‘सुरक्षा’ आणि ‘संरक्षण’ पचवलेल्या मराठीला तो जड जाऊ नये. आणि इम्यून सिस्टिमला ‘प्रतिकारशक्ती’ म्हणणं सोडाच. पचनसंस्था, श्वसनसंस्था, चेतासंस्था असं आपण शाळेत शिकलो, त्याच ओळीत ‘प्रतिरक्षासंस्था’ किंवा साध्या बोलण्यात ‘प्रतिकारयंत्रणा’. यंत्रणा बिघडू शकते, चुकू शकते, तिला लगाम घालता येतो किंवा सैल सोडता येतो. शक्तीचं असं काही होत नाही.

कर्करोगाच्या काही उपचारांत हा लगाम सैल सोडण्याचाच प्रकार चालतो. त्याबद्दल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चं नोबेल मिळालं. या औषधांनी काही रुग्णांमध्ये गाठी विरघळतात आणि काहींमध्ये त्यासोबत आतड्याला किंवा थायरॉइडला दाह होतो, कारण सुटलेला प्रतिसाद गाठीपाशीच थांबेल असं नाही. ‘वर्धक’ शब्दाला ही दुसरी बाजू दाखवताच येत नाही.

इथे कोणीतरी हमखास विचारणार, आयुर्वेदात ‘व्याधिक्षमत्व’ आहे की, तो का नको? शब्द सुंदर आहे. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या ग्रंथावर भाष्य लिहिणाऱ्या चक्रपाणीने त्याचे दोन अर्थ दिले आहेत: व्याधीच्या बळाला विरोध, आणि व्याधी उत्पन्न होण्यालाच प्रतिबंध. हे रोगाशी झगडण्याबद्दल आणि रोग टाळण्याबद्दल आहे. शरीर स्वतःवर उलटतं ही कल्पना त्यात धरलेली नाही, आणि ती त्यात कोंबणं म्हणजे चक्रपाणीच्या तोंडी आपलं वाक्य घालणं. तो शब्द त्याच्या शास्त्रात राहू द्यावा.

आयुर्वेदातल्या वनस्पती मात्र या विषयात खऱ्याच आहेत. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. शारदिनी डहाणूकर, डॉ. ऊर्मिला थत्ते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुळवेलीवर काम केलं. पित्तमार्ग अडून कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी ती देऊन पांढऱ्या पेशींच्या जंतू गिळण्याच्या क्षमतेवर काय परिणाम होतो, हे मोजून पाहिलं. (डहाणूकर मराठीत फार चांगलं ललित लिहीत, हे इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) आणि त्याच गुळवेलीबद्दल २०२१ मध्ये मुंबईच्याच यकृततज्ज्ञांनी सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर त्यांच्या यकृताला इजा झाली होती आणि तिची लक्षणं प्रतिकारयंत्रणा यकृतावर उलटते तेव्हाच्या आजारासारखी होती. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही. रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, हे तपासलंच नाही, असा त्यांचा आक्षेप होता. वाद कोणी जिंकला ते बाजूला ठेवू. पण पुडीवर ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ एवढंच छापलेलं असलं तर ज्याची यंत्रणा आधीच भडकलेली आहे त्या माणसाला सावध व्हायला काहीच जागा उरत नाही. ‘प्रतिकारयंत्रणेवर परिणाम करते’ असं छापलं असतं तर त्याने निदान डॉक्टरांना विचारलं असतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, थोडक्यात. दोन्ही बरोबर. ‘रोगप्रतिकारशक्ती’ हा तत्पुरुष समास, रोगाच्या प्रतिकाराची शक्ती, म्हणून एक शब्द. ‘रोगप्रतिकारक शक्ती’ म्हणजे रोगाचा प्रतिकार करणारी शक्ती. इथे पहिला शब्द विशेषण, म्हणून तोडून. पुढे प्रत्यक्ष प्रतिकार करणारी वस्तू असेल तर ‘प्रतिकारक’च हवं: रोगप्रतिकारक पेशी, किंवा शेतकरी मागतात ते भेंडीचं रोगप्रतिकारक वाण. ‘रोगप्रतिबंधक’ वेगळं, ते रोग होऊच न देणारं, उदाहरणार्थ लस. आणि जुन्या पत्रकातला शब्द ठेवायचा असता तरी तो ‘शक्तीवर्धक’ नव्हे, ‘शक्तिवर्धक’ लिहावा लागला असता. संस्कृतात मुळात ऱ्हस्व इकारान्त असलेला तत्सम शब्द समासात आधी आला की त्याची अखेरची वेलांटी ऱ्हस्व. म्हणजे शुद्धलेखनातही तो नापासच.

राहिलं पत्रक. तिथे मी ‘प्रतिरक्षा-नियामक’सुद्धा वापरणार नाही. सांधे दुखत असताना दवाखान्याच्या बाकावर बसून वाचणाऱ्याला नाम नको, क्रियापद हवं. जुनं वाक्य तुम्ही कळवलंत ते असं: ‘हे औषध रोगप्रतिकारशक्तीवर्धक असून ते नियमित घ्यावे.’ त्याऐवजी असं काही लिहा: ‘या आजारात शरीराची प्रतिकारयंत्रणा चुकून आपल्याच सांध्यांवर हल्ला करते. हे औषध तो हल्ला सौम्य करते. परिणाम दिसायला काही आठवडे ते काही महिने लागतात, त्यामुळे लगेच फरक पडला नाही तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका.’ शेवटी कंसात ‘इम्युनोमॉड्युलेटर’ देवनागरीत जरूर द्या. औषधाच्या दुकानात आणि पुढच्या डॉक्टरांकडे रुग्णाच्या कानावर तोच शब्द पडणार आहे.