ऑपरेटरच्या चुकीमुळे बिघडलेला लॉट ग्राहकाकडे गेलाय. आपणहून सांगावं का? नुकसान त्याच्या पगारातून कापलं तर चालेल का?

आजच सांगा. आणि पगाराला हात लावू नका.

तुम्ही लिहिलंय की चार-पाच मशिनचं वर्कशॉप आहे, माल जाऊन तीन दिवस झाले, ग्राहकाच्या अजून लक्षात आलेलं नाही आणि चूक सरळसरळ ऑपरेटरची आहे. मी शिरोली एमआयडीसीत जॉबवर्क करतो, म्हणजे दुसऱ्यांच्या मालावर मजुरीनं काम. तीन सीएनसी, एक व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी कातकामाची मशिनं. वडिलांचं लेथ कोल्हापुरात उद्यमनगरात होतं, तिथून इकडे आलो. माझ्यावरही हीच वेळ आली होती, आणि चूक सरळसरळ ऑपरेटरची आहे असं मलाही पहिला अर्धा तास वाटत होतं.

आमच्याकडे फाउंड्रीतून बेअरिंग हाउसिंगचं, म्हणजे बेअरिंग ज्यात बसतं त्या भागाचं, कास्टिंग येतं, आम्ही त्याचा बोअर, म्हणजे आतलं गोल भोक, मापात कापून चाकणला ग्राहकाकडे पाठवतो. बोअर ४२ एच-७, म्हणजे ४२.००० ते ४२.०२५ मिलिमीटर चालतो. ऑपरेटर प्रत्येक पीसला प्लग गेज लावतो. त्याचं गो टोक सगळ्यात लहान चालणाऱ्या मापाचं, ते आत गेलं पाहिजे; नो-गो सगळ्यात मोठ्या मापाचं, ते जाता कामा नये. एका संध्याकाळी दुसऱ्या कामासाठी बोअर डायल गेज, जे भोकाचं माप आकड्यात दाखवतं, सेट केलं होतं, ते सहज यातल्या एका पीसला लावलं. ४१.९९०. दुसरा पीस ४१.९९२. तिसरा ४१.९८९. गो गेज मात्र तिन्हींत लोण्यात गेल्यासारखं जात होतं.

माझं तोंड सुटलं. ‘झोपा काढतोस काय रे मशिनवर?’ चार माणसांसमोर. पोरगा काही बोलला नाही. त्यानं गेज बनियनच्या चिंधीनं पुसलं आणि माझ्या हातात दिलं. हँडलवर कॅलिब्रेशनचं, म्हणजे गेज स्वतः मापात आहे का हे लॅबमधून तपासून घेतल्याचं, स्टिकर होतं, तेलानं पिवळं पडलेलं. ड्यू डेट उलटून पाच महिने झाले होते. त्यानं मला दोनदा आठवण केली होती आणि दोन्ही वेळा ‘पुढच्या महिन्यात पाठवू’ असं मीच म्हटलं होतं. रोज शे-दीडशे वेळा बिडाच्या बोअरमध्ये आत-बाहेर करून गो गेज झिजलं होतं. इकडे मशिनमधला कापणारा इन्सर्ट झिजत होता, त्यानं बोअर लहान होत चालला होता, आणि झिजलेलं गेज ते सगळं पास करत होतं. एक गेज लॅबला पाठवायचा खर्च काही शे रुपये. तेवढे मी वाचवले होते.

मशिन बंद केलं, शेडमधले सगळे पीस लाल क्रेटमध्ये टाकले आणि माल पाठवल्याची चलनं काढून बसलो. तीन चलनांत मिळून ६४० पीस गेलेले. तेव्हा रात्रीचे नऊ वाजले असतील. त्यानंतरचा एक तास डोकं फक्त पळवाटा शोधत होतं. दहा मायक्रॉनच तर आहे, मिलिमीटरचा शंभरावा भाग. बेअरिंग प्रेसवर बसतंय ना, मग झालं. त्यांच्या इनवर्डला, माल आत घेतानाच्या तपासणीत, सापडलं नाही, मग आपण कशाला सांगा. पण बोअर लहान असला की बेअरिंगची बाहेरची रिंग आवळली जाते, आतला क्लिअरन्स जातो, चालताना ते तापतं आणि काही महिन्यांनी जाम होतं. तोवर ते कुणाच्या मशिनमध्ये असेल, देव जाणे. दुसरी गोष्ट, लहान झालेला बोअर होनिंग करून, म्हणजे आतून घासून, मापात आणता येतो. मोठा झाला असता तर सगळं भंगार. म्हणजे असेंब्लीत जाण्याआधी जो पीस हाताला लागेल तो वाचणार होता. त्यांची पहिली शिफ्ट सकाळी सुरू होणार होती.

सव्वादहाला त्यांच्या क्वालिटीच्या साहेबांना फोन केला. चलन नंबर, संख्या, माप किती पाहिजे आणि किती भरतंय, एवढं सांगितलं. ‘गेजचं कॅलिब्रेशन मीच करून घेतलं नव्हतं, सकाळी शिफ्टच्या आत लॉट होल्ड करा, मी येतोय.’ ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, ‘या.’ बास.

पहाटे तीनला ऑपरेटरला घेऊनच निघालो. खंबाटकीला उजाडलं. गाडीत आम्ही फारसं बोललो नाही, सातारच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा मी त्याची माफी मागितली, तर तो म्हणाला, ‘ऱ्हाऊ द्या मालक, बिस्किटं खावा.’

४१० पीस स्टोअरमध्येच होते, ते टेम्पोत घालून परत आणले आणि होनिंग केलं. २३० मध्ये बेअरिंग बसली होती, ती पुलरनं काढावी लागली. काढलेली बेअरिंग पुन्हा वापरत नाहीत. डेबिट नोट, म्हणजे नुकसान माझ्या नावे टाकल्याचा कागद, आली १ लाख १८ हजारांची. त्या ६४० पीसची माझी मजुरी होती २४,३२०.

इथे एक सांगतो. चूक कबूल केली म्हणजे समोरचा लिहील तो आकडा मान्य केला असं नसतं. त्या नोटमध्ये दोन तास लाइन थांबल्याचे पैसे धरले होते. लाइन थांबली नव्हती, त्या वेळात त्यांनी लाइनवर दुसरं मॉडेल घेतलं होतं, ते आम्ही समोर उभं राहून पाहिलं होतं. तेवढे २२ हजार मी पत्र लिहून वजा करून घेतले. बाकीचे ९६ हजार त्यांनी माझ्या तीन बिलांतून कापून घेतले. प्रोप्रायटरशिप आहे, म्हणजे धंदा माझ्या एकट्याच्या मालकीचा, कायद्याच्या दृष्टीनं मी आणि धंदा एकच. ती तूट शेवटी घरातूनच, बायकोच्या नावच्या एफडीतून भरून काढली.

पुढे त्यांनी मला डोक्यावर घेतलं वगैरे काही नाही. तीन महिने ऑर्डरचं शेड्युल निम्मं होतं आणि शंभर टक्के तपासणी माझ्या खर्चानं. मग हळूहळू पूर्ववत झालं.

आता पगाराचं. कायद्यानं तसं सरसकट कापता येतच नाही. वस्तू त्या कामगाराच्या ताब्यात खास सोपवलेली असावी लागते, नुकसान थेट त्याच्याच हलगर्जीपणामुळे झालेलं असावं लागतं आणि कापण्याआधी त्याला आपली बाजू मांडू द्यावी लागते. मशिनवर पीस बिघडला, ही सहसा त्यात बसणारी गोष्ट नव्हे. पण कायदा बाजूला ठेवा. एकदा पगार कापलात की पुढचा बिघडलेला पीस तुम्हाला दिसणारच नाही, तो दोन चांगल्या पीसच्या खाली क्रेटमध्ये जाईल. पंधरा माणसांच्या पगारावर मीही सह्या करतो, राग येतो हे मला माहीत आहे. मीही सगळ्यांसमोर बोललोच होतो, आणि ते मागे घ्यायला दुसऱ्या दिवशी परत सगळ्यांसमोरच उभं राहावं लागलं.

आता आमच्याकडे शिफ्टचा पहिला पीस आणि नंतर दर पंचविसावा पीस बोअर डायल गेजनं मोजतात, ते आधी नेमक्या मापाच्या रिंगवर सेट करून. शंका आली तर मला न विचारता मशिन थांबवायचं. मागच्या महिन्यात टेम्पो दारात उभा असताना त्याच पोरानं मशिन थांबवलं. चाळीस मिनिटं तपासलं, माल ठीक निघाला. टेम्पोवाला शिव्या देत होता. मी त्याला चहा पाजला.

तुमचे पीस असेंब्लीत गेलेत की स्टोअरमध्ये आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बहुधा तुम्हालाही माहीत नसेल, आणि ते कळायला ग्राहकाला फोन करण्यावाचून दुसरा मार्ग नाही. आधी अर्धा तास स्वतः मोजा, चलन नंबर हाताशी ठेवा. ‘बघतो, चेक करून सांगतो’ असं म्हणून फोन ठेवू नका, किती वाजता पोहोचताय ते सांगा. मेल त्यानंतर करा.