वाचकांचे प्रश्न : इटलीचं पदक आणि जपानची गोष्ट

प्रश्न : सर, नमस्कार. आमचे आजोबा मूळचे करमाळा तालुक्यातले, मराठा पलटणीत शिपाई होते. त्यांच्या ट्रंकेत सहा टोकांचं एक पिवळट पदक सापडलं. त्यावर इटलीचं नाव आहे. आजी मात्र सांगायची, "लढाई सरली म्हणून लोकांनी साखर वाटली, पण हे काही आले नाहीत. पुढं जपानला गेले, ते स्वातंत्र्याच्या वर्षी घरी आले." घरात ही जपानची गोष्ट कोणी खरी मानत नाही. युद्ध तर १९४५ मध्येच संपलं ना? आणि त्या एप्रिलमध्ये हिटलर हरल्यातच जमा होता, मग आजोबांच्या पलटणीला कशासाठी लढवलं?
— एक वाचक, बाळीवेस, सोलापूर

उत्तर : तुमच्या आजी खरंच सांगत होत्या, असं मला ठामपणे वाटतं. हे उत्तर घरात सगळ्यांना वाचून दाखवा.

मराठा पलटणीची पहिली बटालियन, जिला 'जंगी पलटण' म्हणतात, ती इटलीत ८ व्या भारतीय डिव्हिजनमध्ये लढली आणि युद्ध संपल्यावर जपानला गेली. हरलेल्या जपानवर देखरेख ठेवायला जी राष्ट्रकुलाची फौज गेली, तिच्यात भारताची २६८ वी ब्रिगेड होती. पंजाब आणि गुरखा पलटणींसोबत हे मराठे तिच्यात होते. ब्रिगेडचे प्रमुख होते थिमय्या, पुढे स्वतंत्र भारताचे लष्करप्रमुख झाले तेच. ही फौज १९४६ मध्ये तिकडे गेली आणि १९४७ मध्ये मायदेशी परतली. इटलीचं पदक, जपानचा मुक्काम आणि स्वातंत्र्याच्या वर्षी घरी येणं, या तिन्ही गोष्टी या एका पलटणीत चपखल जुळतात. पदकावर जपानचं नाव नसणारच. ते पदक म्हणजे 'इटली स्टार', इटलीचा तारा. तो फक्त इटलीच्या मोहिमेचा, ८ मे १९४५ पर्यंतचा. त्याच्या फितीवर लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल असे पट्टे असतात, म्हणजे इटलीच्या झेंड्याचेच रंग. फीत शिल्लक असेल तर पाहा.

आता त्या एप्रिलबद्दल. तुमच्या आजोबांची पलटण तेव्हा उत्तर इटलीत सेनिओ नदीवर लढली. ती काही मोठी नदी नव्हे, आपल्या सीनेसारखीच म्हणा. पण पुराचं पाणी शेतात शिरू नये म्हणून तिच्या दोन्ही काठांना मातीचे उंच बांध घातलेले. जर्मनांनी त्या बांधांच्या पोटात बोगदे खणले, आतून मशीनगनी रोखल्या आणि पुढ्यात सुरुंग पेरले. ९ एप्रिल १९४५ च्या दुपारी आधी शेकडो विमानांनी बाँब टाकले, मग तोफा सुरू झाल्या, मग बांधांवर आगीचे फवारे सोडले गेले आणि त्यानंतर पायदळ पाण्यात उतरलं. जंगी पलटणीचे नामदेव जाधव हे शिपाई त्या दिवशी कंपनीचे निरोप्ये होते. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातले, म्हणजे तुमच्या करमाळ्याचे शेजारीच. त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून, चढणीवरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप आणलं. मग एकट्यानं परत जाऊन मशीनगनची तीन ठाणी गारद केली. हाताला गोळी लागून टॉमीगन, म्हणजे हातातली छोटी मशीनगन, चालवता येईना, तर हातबाँब फेकले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची रणगर्जना केली आणि मागच्यांना पुढं बोलावलं. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळालं. तुमचे आजोबा तेव्हा पलटणीत असतील, तर ती हाक त्यांच्याही कानावर पडली असेल.

कशासाठी लढवलं, हा प्रश्न मात्र जड आहे आणि तुम्ही तो विचारलात याचं मला फार मोल वाटतं. इटलीतले जर्मन अजून शस्त्र टाकायला तयार नव्हते. ते उत्तर इटलीतली पो नदी ओलांडून आल्प्सच्या डोंगरात जाऊन बसले असते, तर लढाई लांबली असती. म्हणून त्यांना पोच्या अलीकडेच मोडायचं ठरलं. दुसरी बाजूही सांगायला हवी. ८ मार्चलाच झुरिकमध्ये हिटलरच्या एसएस या खास सशस्त्र दलाचा सेनानी वोल्फ आणि अमेरिकी हेरखात्याचे ॲलन डलेस यांची शरणागतीबद्दल गुप्त भेट झाली होती. बोलणी रेंगाळली. इटलीतला जर्मन सरसेनापती मध्येच बदलला, नव्याचा निर्णय होईना आणि इकडे आपली पोरं सेनिओत उतरली. अखेर २९ एप्रिलला इटलीतल्या कासेर्ता इथं शरणागतीवर सही झाली आणि २ मे रोजी बंदुका थांबल्या. एप्रिलच्या लढाईत जर्मन फौज मोडली म्हणूनच ती सही झाली, असं माझं मत आहे. पण त्या तीन आठवड्यांत जे गेले, त्यांच्या घरच्यांना हे उत्तर पुरेसं वाटलं असेल, असं मी म्हणणार नाही. इटलीत साडेपाच हजारांहून अधिक भारतीय सैनिक मेले. इटलीतल्या फोर्ली गावच्या स्मारकावर दहन झालेल्या आपल्या जवानांची नावं आजही वाचता येतात.

पुढचं थोडक्यात. जर्मनीनं ७ आणि ८ मे रोजी शरणागती दिली. आजींनी सांगितलेली साखर बहुधा तेव्हाची. जपानशी युद्ध चालूच होतं, म्हणून ८ वी डिव्हिजन त्या उन्हाळ्यातच इटलीतून भारतात आणली. ६ आणि ९ ऑगस्टला अणुबाँब पडले, १५ ऑगस्टला जपाननं हार मानली, २ सप्टेंबरला टोकियोच्या उपसागरात सह्या झाल्या.

आता एक काम करा. पदक उलटं करून उजेडात तिरकं धरा. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मागे बहुधा सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. असेल तर तो क्रमांक जसाच्या तसा उतरवून घ्या आणि बेळगावच्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या अभिलेख कार्यालयाला पत्र लिहा. अर्ज कसा करायचा ते सोलापुरातलं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय सांगेल. बटालियनची आणि जपानची नोंद मिळाली तर मला जरूर कळवा. आणि पदक चिंच लावून घासू नका. ती अक्षरं उथळ असतात, पुसली गेली तर क्रमांक जाईल.