चित्र काढता-काढता आवाजासह स्क्रीन रेकॉर्ड करणारं ॲप वर्गात मुलांसोबत कसं वापरावं? कोणतं चांगलं?

कोणतं चांगलं, ते आधी उरकते. फार फरक नाही. लॉगिनशिवाय चालतं का, मध्ये पॉज करता येतं का आणि फाइल बाहेर काढता येते का, एवढं बघा. वेगळं ॲप नसलं तरी अडत नाही. आयओएस ११ (२०१७) आणि अँड्रॉइड ११ (२०२०) पासून स्क्रीन रेकॉर्डर आतच मिळतो, सोबत चित्रं काढायचं कुठलंही ॲप पुरतं. आयपॅडवर रेकॉर्डचं बटण दाबून धरून माइक चालू करा, नाहीतर वर्गभराचे मूकपट गोळा होतील.

आता मुद्द्याचं. पेन मुलांच्या हातात द्या. तुम्हीच धडे रेकॉर्ड करून दाखवणार असाल तर मुलं वर्गात कशाला हवीत?

मी गणित शिकवते. दशांश अपूर्णांकांच्या सामायिक चाचणीत एका मुलीला पैकीच्या पैकी गुण. ०.४५ मोठा की ०.३, २.६८ की २.५, सगळं बरोबर. त्याच सुमारास प्रत्येकाला एक उदाहरण आकृती काढून, बोलत-बोलत सोडवून रेकॉर्ड करायला दिलं होतं. हिनं एका चौकोनात पंचेचाळीस ठिपके काढले, दुसऱ्यात तीन, आणि म्हणाली, "हे जास्त, म्हणून हा मोठा." ठिपके काढून दमली, पण शंका काही आली नाही. मग ३.७ आणि ३.२५ विचारले, तर बिनदिक्कत ३.२५ मोठा! चाचणीतल्या प्रत्येक जोडीत लांब संख्याच मोठी होती, त्यामुळे चुकीचा नियम बिनबोभाट खपून गेला होता. त्याच ॲपमध्ये शंभर घरांची चौकट दिली. ०.३ साठी तीन उभे रकाने रंगवताना ती मध्येच थांबली आणि स्वतःच म्हणाली, "अरे, ही तर तीस घरं." हे थांबणंसुद्धा रेकॉर्ड झालंय. वहीत ते कुठून दिसणार?

पर्यवेक्षकांना ऐकवलं. ते म्हणाले, "गुण पूर्ण आहेत ना? मग तास कशाला घालवता? तुम्हीच छोटे व्हिडिओ बनवा, सहा मिनिटांच्या वर कुणी बघत नाही." हे सहा मिनिटांचं प्रकरण फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासातलं. तो ऑनलाइन कोर्सचे व्हिडिओ *बघणाऱ्यांवर* होता. स्वतः समजावून सांगणाऱ्याशी त्याचा संबंध काय? त्यासाठी मिशेलीन ची यांचा १९९४ चा प्रयोग बघा. आठवीच्या मुलांनी रक्ताभिसरणावरचा उतारा वाचताना प्रत्येक वाक्य स्वतःला समजावलं. दुसऱ्या गटानं तोच उतारा दोनदा वाचला. समजावणाऱ्यांना जास्त कळलं. तेव्हा हे माझ्याकडे तयार नव्हतं, म्हणून इथे लिहून ठेवते.

हो, अडचणी आहेत. सगळे एकदम बोलले तर काही ऐकू येत नाही. निम्म्यांना लेखी काम द्या. दोन मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका. सगळी रेकॉर्डिंग ऐकत बसू नका, आधी पूर्ण गुणवाल्यांची ऐका. चेहरा नको, नाव नको, आणि पालकांच्या ग्रुपवर तर अजिबात नको. बुजणाऱ्या मुलांना जोडीनं बसवा.

तास वाया जातो असं तुमच्याकडे कुणी म्हणालं, तर त्यांच्याच आवडत्या हुशार मुलांना ३.७ आणि ३.२५ द्या. रेकॉर्डिंग चालू ठेवून.