पोयट्याच्या जमिनीत युरिया जातो कुठे?

प्रश्न : जुन्नर तालुक्यात आमची पोयट्याची जमीन आहे. रब्बी कांद्याला सगळा युरिया लागवडीलाच देतो, तरी महिन्याभरात पात पिवळी पडते. असं का?

उत्तर : पोयट्यात वाळू, गाळ आणि चिकणमाती यांचं मिश्रण असतं. युरियातलं नत्र (नायट्रोजन) मातीत आधी अमोनियम होतं; ते धनभारित आणि चिकणमातीचे कण ऋणभारित, म्हणून कण त्याला धरून ठेवतात. पण त्याचा पुढे नायट्रेट होतो, तोही कणांसारखाच ऋणभारित, त्यामुळे मातीला न चिकटता पाण्याबरोबर खाली उतरतो. कांद्याची मुळं उथळ, मग तो त्यांच्या हाती लागत नाही. जमीन चुनखडीची असेल आणि युरिया वरच पडून राहिला, तर अमोनिया होऊन हवेतही उडतो.

एकरी ४० किलो नत्र म्हणजे साधारण ८७ किलो युरिया. त्यातला निम्मा लागवडीला मातीत मिसळून द्या, उरलेला ३० आणि ४५ दिवसांनी दोन हप्त्यांत. हप्ता दिल्यावर लगेच हलकं पाणी द्या; पाट तुडुंब भरू नका. साठ दिवसांनंतर नत्र नकोच : मान जाड होते, कांदा साठवणीच्या चाळीत सडतो.

स्फुरद (फॉस्फरस) मात्र वाहून जात नाही, चुन्याशी बांधलं जातं. ते लागवडीपूर्वीच मुळांजवळ द्या.