खोकडाच्या आतड्यातले कृमी

प्रश्न : रानात खोकडाच्या विष्ठेजवळून फिरल्यास माणसाला व कुत्र्याला धोका असतो का?

उत्तर : उत्तर गोलार्धातल्या थंड भागांत असतो. तिथे लाल खोकडाच्या आतड्यात एकायनोकॉकस मल्टिलोक्युलॅरिस हा जेमतेम २ ते ४ मिलिमीटरचा पट्टकृमी राहतो. खोकड धडधाकटच दिसते, पण विष्ठेतून पडलेली अंडी माणसाच्या पोटात गेल्यास यकृतात गाठ वर्षानुवर्षे गुपचूप वाढते. घरचा फ्रीजर किंवा स्पिरिट अंड्यांना मारत नाही, उकळते पाणी मारते. म्हणून जमिनीलगतची रानफळे शिजवूनच खा. कुत्र्याला मात्र संसर्गित उंदीर खाऊन लागण होते. सुमारे २८ दिवसांत कृमी अंडी घालू लागतो, त्यामुळे उंदीर पकडणाऱ्या कुत्र्याला पशुवैद्याच्या सल्ल्याने दर ४ आठवड्यांनी प्राझिक्वांटेल हे जंतांवरचे औषध द्या.