वंचित म्हणजे नुसता गरीब नव्हे

आरोग्यावरच्या एका रिपोर्टचं मराठी करताना 'डेप्रिव्हेशन'ला वंचितता म्हणायचं की सरळ गरिबी, आणि वंचितता हा शब्द मुळात चालतो का, असा प्रश्न आलाय. चालतो. मुक्तचं मुक्तता होतं तसं वंचितचं वंचितता, त्यात काही अडचण नाही. मला चीड येते ती दुसऱ्याच गोष्टीची. लाइट गेली म्हणून मॅचपासून वंचित, उशीर झाला म्हणून नाश्त्यापासून वंचित! अहो, नाश्ता हुकला म्हणा ना.

आता धातू बघा, वञ्च्. मूळ अर्थ वाकडंतिकडं जाणं, वक्र त्यातलाच, आणि वञ्चयति म्हणजे चकवणं, फसवणं. म्हणून तर वंचना, प्रवंचना, आत्मवंचना हे सगळे फसवणुकीचे शब्द, आणि अमरकोशात कोल्ह्याच्या नावांमध्ये चक्क 'वञ्चक' आहे! आपला वाकडासुद्धा याच घरातला, त्यामुळे ज्याच्याकडे येणारी वाट कुणीतरी वाकडी केली तो वंचित, असं माझं ठाम मत आहे. 'रहित' एवढाच अर्थ देऊन मोकळे होणारे कोशवाले आणि 'अभावग्रस्तता' सुचवणारे भाषांतरकार मला अजिबात पटत नाहीत. अभाव म्हटलं की तो कुणी केला हा प्रश्नच उरत नाही.

आणि मोजणारे काय मोजतात तेही बघा की. ब्रिटनमध्ये समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांच्या वंचितता मोजणाऱ्या निर्देशांकात चारच गोष्टी: बेकारी, घर मालकीचं नसणं, गाडी नसणं आणि खोल्यांपेक्षा माणसं जास्त असणं. पगाराचा आकडा त्यात नाहीच. याचा आयुष्याशी काय संबंध म्हणाल तर स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या कॅल्टन या वंचित भागात जन्मलेल्या मुलाचं अपेक्षित आयुर्मान जवळच्याच सुखवस्तू लेन्झीतल्या मुलापेक्षा २८ वर्षांनी कमी, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २००८ साली छापलंय, आणि तेही सरकारी दवाखान्यात फुकट उपचार मिळणाऱ्या देशात!

आपल्याकडे नीती आयोगाच्या बहुआयामी गरिबी निर्देशांकात १२ निकष आहेत, पोषण, बालमृत्यू, शाळा, शौचालय, बँक खातं वगैरे. त्यातलं स्वयंपाकाचं इंधन घ्या. घरात लाकूडफाटा, गोवऱ्या नाहीतर कोळशावर स्वयंपाक होत असेल तर ते घर त्या निकषात वंचित. खिशात किती पैसे आहेत ते कुणी विचारत नाही, पण चुलीपुढे फुंकणी घेऊन बसलेल्या बाईच्या छातीत धूर जातोय, तो मोजला पाहिजे म्हणून हा निकष. प्रत्येक निकषाला ठरलेलं वजन असतं आणि वंचिततेची बेरीज एक तृतीयांश किंवा त्याहून जास्त भरली की मग ते घर गरीब धरतात. म्हणजे वंचितता एकेका निकषातली आणि गरिबी त्या बेरजेवरून ठरणारी. तेव्हा रिपोर्टमध्ये दोन्ही शब्द वेगवेगळेच ठेवा, एकाच्या जागी दुसरा घातलात तर तक्त्यांचा अर्थच बदलेल.